लाइव्ह मायग्रेशन शेवटच्या ६ जीबीवर अडते: बदललेल्या मेमरीची नोंद नेमकी कशी ठेवली जाते?

प्रश्न (नागपूर)

नमस्कार. हिंगणा रोडवरील एका कारखान्याच्या सर्व्हर रूमची जबाबदारी माझ्याकडे आहे. नवतपा सुरू होण्याआधी एसी आणि यूपीएसची देखभाल उरकावी लागते, त्यासाठी केव्हीएम (लिनक्स कर्नलमधील व्हर्च्युअलायझेशनची सोय) असलेल्या एका होस्टवरील, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हरवरील, सगळी व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालू स्थितीतच, म्हणजे लाइव्ह मायग्रेशनने, दुसऱ्या होस्टवर हलवावी लागतात. दोन्ही होस्ट १० गिगाबिटच्या नेटवर्कने जोडलेले आहेत आणि त्यांवर लिनक्स कर्नल ५.४ व व्हीएम चालवणारे क्यूएमू ४.२ आहे.

बाकीची व्हीएम काही अडचण न येता हलतात. मात्र ६४ जीबी मेमरीचे डेटाबेसचे व्हीएम कामाच्या वेळेत हलवायला घेतले, की सगळी मेमरी पाठवण्याची पहिली फेरी व्यवस्थित पार पडते आणि नंतर, दरम्यान बदललेली मेमरी पुन्हा पाठवण्याच्या फेऱ्यांत, ‘व्हर्श डॉमजॉबइन्फो’ या स्थिती दाखवणाऱ्या आदेशात उरलेली मेमरी ६ जीबीच्या आसपास येऊन थांबते. फेऱ्यांचा आकडा वाढत जातो, उरलेल्या मेमरीचा आकडा मात्र खाली येत नाही. शिवाय, मायग्रेशन सुरू करताच व्हीएम क्षणभर अडखळते आणि पुढेही, ते अजून मूळ होस्टवरच चालू असताना, बिले भरणाऱ्यांना प्रणाली जड झाल्याचे जाणवते.

कोणते पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) बदलले याची नोंद हायपरवायझर (व्हीएम चालवणारी प्रणाली, येथे केव्हीएम) कशी ठेवतो, त्या नोंदीचा भार व्हीएमवर किती पडतो, आणि २५ गिगाबिटची कार्डे घेतल्यास हा प्रश्न सुटेल का, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ (पुणे)

नमस्कार. मायग्रेशन सुरू झाले, की केव्हीएम व्हीएमच्या मेमरीसाठी एक बिटमॅप सांभाळू लागतो, ज्यात ४ केबीच्या प्रत्येक पेजला एक बिट असतो. ६४ जीबीची १,६७,७७,२१६ पेज होतात, म्हणजे बिटमॅप जेमतेम २ एमबीचा भरतो. खर्च बिटमॅपच्या आकारात नसून बिट कधी लावायचा हे कळण्यात आहे. त्यासाठी पेजवर लिहिण्याची परवानगी काढून घेतली जाते. गेस्टने, म्हणजे व्हीएममधील प्रणालीने, त्यावर पहिल्यांदा लिहिले, की प्रोसेसर नियंत्रण केव्हीएमकडे देतो, केव्हीएम बिट लावतो, परवानगी परत देतो आणि गेस्ट पुढे चालू लागतो. त्याच पेजवर त्यानंतर हजार वेळा लिहिले, तरी त्या फेरीत पुन्हा खर्च येत नाही. पुढच्या फेरीसाठी बिट पुसला, की परवानगीही पुन्हा काढली जाते.

तुमच्याकडे जाणवणाऱ्या जडपणाचे दुसरे कारण मोठ्या पेजमध्ये आहे. एरवी गेस्टची मेमरी २ एमबीच्या पेजमध्ये मांडलेली असते. त्याच मापाने नोंद ठेवली, तर एक बाइट बदलला तरी २ एमबी पाठवावे लागतील. म्हणून नोंद सुरू होताच केव्हीएम ही मांडणी ४ केबीच्या ५१२ तुकड्यांत फोडतो. त्यामुळे टीएलबी (मेमरीचे पत्ते लक्षात ठेवणारा प्रोसेसरमधील छोटा साठा) अपुरा पडू लागतो आणि मेमरीपर्यंत पोहोचायला अधिक वेळ लागतो. डेटाबेससारख्या, मेमरीभर विखुरलेले वाचन करणाऱ्या कामाला हे विशेष जाणवते.

सुरुवातीला व्हीएम अडखळते, त्याचे कारण तुमच्या कर्नलच्या आवृत्तीत असावे. ५.४ मध्ये नोंद सुरू करताना सगळ्या मेमरीची परवानगी एका दमात काढली जाते आणि मेमरी जितकी मोठी तितका हा थांबा लांबतो. कर्नल ५.७ पासून सगळे बिट आधीच लावून ठेवण्याची सोय आली. पहिल्या फेरीत सगळेच पाठवायचे असल्यामुळे त्यात काही बिघडत नाही आणि परवानगी काढण्याचे काम टप्प्याटप्प्याने होते.

तुमचे प्रोसेसर इंटेलच्या ब्रॉडवेल पिढीचे किंवा त्यानंतरचे असतील, तर पेज मॉडिफिकेशन लॉगिंग, अर्थात पीएमएल, चालू आहे का ते पाहावे. यात बदललेल्या पेजचा पत्ता प्रोसेसर स्वतःच ५१२ नोंदींच्या एका बफरमध्ये लिहितो आणि बफर भरला तरच केव्हीएमला उठवतो. प्रत्येक पेजच्या पहिल्या लेखनासाठी थांबावे लागत नसल्याने गेस्टवरचा भार बराच कमी होतो. ‘केव्हीएम-इंटेल’ मॉड्यूलच्या पॅरामीटरमध्ये ते दिसेल.

नेटवर्कबद्दल मत देण्यापूर्वी, अडलेल्या स्थितीतील डर्टी रेट (पेज बदलण्याचा दर) आणि बँडविड्थ हे दोन आकडे कृपया द्यावेत.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. पीएमएल चालू आहे. अडलेल्या स्थितीत डर्टी रेट सेकंदाला सुमारे २,८०,००० पेज आणि बँडविड्थ सेकंदाला सुमारे १.१ जीबी दिसते. प्रत्येक फेरी साधारण साडेपाच सेकंदांची होते. संध्याकाळी बिलांचे काम थांबल्यावर हाच दर ४०,००० पेजपर्यंत उतरतो.

उत्तर १ (पुणे)

या आकड्यांवरून चित्र स्पष्ट होते. सेकंदाला २,८०,००० पेज म्हणजे जवळपास १.१ जीबी, म्हणजे जितके पाठवता तितकेच पुन्हा बदलते. २००५ साली केंब्रिज आणि कोपनहेगन येथील संशोधकांनी झेन या हायपरवायझरवरील लाइव्ह मायग्रेशनचा शोधनिबंध मांडला, त्यात सतत लिहिल्या जाणाऱ्या पेजच्या अशा संचाचा वेगळा विचार केलेला आहे. तुमच्या डेटाबेसचा हा संच ६ जीबीच्या आसपास असावा, असे माझे अनुमान आहे.

येथे एक बाब नीट लक्षात घ्यावी. डर्टी रेट हा लेखनाचा खरा वेग नव्हे. फेरीत बदललेली वेगवेगळी पेज भागिले फेरीचा वेळ, एवढाच त्याचा अर्थ आहे. जे पेज साडेपाच सेकंदांत शंभरदा बदलले, ते एकदाच मोजले जाते. त्यामुळे फेरी आखूड केली, तर हाच दर वाढलेला दिसू शकतो. २५ गिगाबिटवर ६ जीबी पाठवायला सव्वादोन सेकंदांच्या आसपास लागतील. तेवढ्या वेळात तो संच पूर्ण पुन्हा बदलत असेल, तर नवी कार्डे बसवूनही उरलेली मेमरी ६ जीबीवरच अडेल; त्यातला पाव भागच बदलत असेल, तर पुढच्या फेऱ्या भराभर लहान होतील आणि व्हीएम हलेल. म्हणून खर्च करण्यापूर्वी क्यूएमू ५.२ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवर ‘कॅल्क-डर्टी-रेट’ या आदेशाने एक, दोन आणि पाच सेकंदांच्या अवधीत वेगवेगळी मोजणी करावी. ही मोजणी मायग्रेशन न करताही होते.

संध्याकाळच्या दराने मात्र आहे त्याच नेटवर्कवर काम होईल. ४०,००० पेज म्हणजे सेकंदाला सुमारे १६० एमबी. त्यामुळे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या सातव्या हिश्शाची होईल आणि ६४ जीबीवरून चौथ्या फेरीपर्यंत उरलेली मेमरी, शेवटी व्हीएम थांबवून, ३०० मिलिसेकंदांच्या मूळ (डिफॉल्ट) मर्यादेत पाठवता येण्याइतकी उरेल. दिवसाच हलवणे भाग असेल, तर ऑटो-कन्व्हर्ज, म्हणजे मायग्रेशन पूर्ण व्हावे म्हणून व्हीएमचा वेग कमी करणारा पर्याय, लावून पाहावा.

उत्तर २ (अमरावती)

वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु दिवसा ऑटो-कन्व्हर्ज वापरण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. तो व्हीसीपीयूंचा (व्हीएमच्या आभासी प्रोसेसरांचा) वेग आधी २० टक्क्यांनी आणि मग १०-१० टक्क्यांनी कमी करत जातो, ९९ टक्क्यांपर्यंतही. कोणता व्हीसीपीयू लिहितो आणि कोणता केवळ वाचतो, हा भेद तो करत नाही. बिले भरणाऱ्यांची तक्रार आधीच असताना त्यांचेच काम आणखी मंद करणे मला योग्य वाटत नाही. कर्नल ५.११ मध्ये आलेल्या डर्टी रिंग या नोंदपद्धतीत प्रत्येक व्हीसीपीयूची नोंद स्वतंत्र राहते, त्यामुळे लिहिणाऱ्यालाच आवरणे शक्य होते. मात्र त्यासाठी होस्ट अद्ययावत करावे लागतील.

आणखी एक मुद्दा राहिला आहे. आतापर्यंतची सगळी चर्चा प्रोसेसरने केलेल्या लेखनाची आहे. व्हीहोस्ट-नेट (व्हीएमचे नेटवर्क होस्टच्या कर्नलमधून चालवण्याची सोय) वापरत असाल, तर आलेले पॅकेट होस्टचे कर्नल थेट गेस्टच्या मेमरीत लिहिते आणि त्याची वेगळी नोंद ठेवली जाते. ती सोय असल्याने काळजी नाही. परंतु एखादे कार्ड पासथ्रू पद्धतीने, म्हणजे थेट, व्हीएमला दिले असेल, तर ते डीएमएने (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत) जे लिहिते ते वरील परवानगीच्या युक्तीने पकडता येत नाही. त्यासाठी त्या उपकरणाचा किंवा आयओएमएमयूचा (उपकरणांचा मेमरी-वापर सांभाळणाऱ्या हार्डवेअरचा) स्वतःचा आधार लागतो. असे उपकरण आधी काढून घ्यावे.

दिवसा हलवायचेच असेल, तर मी पोस्ट-कॉपी सुचवेन. पहिली फेरी झाल्यावर व्हीएम नव्या होस्टवर चालू होते आणि राहिलेली पेज मागणीनुसार मागवली जातात. व्हीएम मूळ होस्टवर चालत नसल्याने तेथे पुढे नवी पेज बदलत नाहीत आणि राहिलेली पेज प्रत्येकी एकदाच पाठवावी लागतात. धोका एवढाच, की त्या काळात व्हीएमची काही मेमरी एका होस्टवर आणि काही दुसऱ्यावर असते, त्यामुळे नेटवर्क तुटले तर व्हीएम तेथेच अडते. ‘--पोस्टकॉपी’ हा पर्याय मायग्रेशनच्या सुरुवातीलाच द्यावा लागतो, मध्येच सुचून चालत नाही. आणि ज्या यूपीएसची देखभाल करायची आहे, त्यावर मायग्रेशनचा स्विच नाही ना, हे त्या दिवशी सर्वांत आधी तपासावे.