इंग्लंडमध्ये स्मॉल क्लेम्सचा (लहान रकमेचा) दावा आला आहे. खर्च किती येईल?

प्रश्न : लेस्टरमध्ये घरदुरुस्ती करणाऱ्या कारागिराने २,४०० पौंडांचा दावा लावला आहे. काम अर्धवट सोडल्यामुळे मी निम्मेच पैसे देणे लागतो असे माझे मत आहे. वकील न करता लढता येईल का, आणि हरल्यास त्याच्या वकिलाची फी माझ्या माथी येईल का?

उत्तर १ : सर्वप्रथम मुदत सांभाळा. दावा बजावल्यापासून १४ दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्याच मुदतीत दावा मिळाल्याची पोच कोर्टात दाखल केल्यास बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. काहीच न केल्यास तुमचे म्हणणे न ऐकताच निकाल लागू शकतो. तुम्हाला अंशतः कबुली देऊन उरलेल्या रकमेपुरता बचाव करता येईल, आणि त्यासाठी शुल्क नाही. शुल्क लागते ते प्रतिदावा केल्यास.

उत्तर २ : फीची भीती बाळगू नका. १०,००० पौंडांपर्यंतच्या या दाव्यांत, कोणी अवाजवी वर्तन केले नसेल तर, हरणाऱ्याकडून सहसा कोर्टाचे शुल्क, व्याज, ठरीव अल्प खर्च, प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजगारापोटी दिवसाला जास्तीत जास्त ९५ पौंड एवढेच वसूल होते. पैशांच्या दाव्यांत २०२४ पासून फोनवरील मोफत मध्यस्थी सक्तीची आहे. अर्धवट कामाची छायाचित्रे आणि संदेश त्याआधीच तारीखवार लावून ठेवा, कारण माझा वाद तिथेच मिटला.

उत्तर ३ : निकाल विरुद्ध गेलाच, तर महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरा, म्हणजे निकालांच्या सार्वजनिक नोंदवहीतील तुमची नोंद काढून टाकता येते, अन्यथा ती सहा वर्षे राहते आणि गृहकर्ज मिळणे अवघड होते.