रोबो बोलताना रिसेट होतो, त्याबद्दल
भिंत दिसली की रोबो "थांबा" म्हणायच्या आतच अर्डुइनो (रोबोचा कोड चालवणारा छोटा बोर्ड) रिसेट होतो म्हणालात ना, अहो सेम आमच्याकडे झालेलं, लेकीने आणि मी कोड तीनदा लिहिला आणि कोडात काही नव्हतंच! मोटर उलटी फिरताना एकदम करंट खेचते, त्याच वेळी स्पीकर पण बोलायला लागतो, व्होल्टेज बसतं आणि बोर्ड मान टाकतो. त्यात ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली असेल तर आधी काढा, मल्टीमीटरला ठीक आहे ती. मोटरला दोन १८६५० सेल (रिचार्ज होणारे लिथियमचे) सिरीजमध्ये, अर्डुइनो आणि आवाजाच्या मॉड्यूलला वेगळा सप्लाय, पण ग्राउंड (मायनसची वायर) कॉमनच, नाहीतर बसाल डोकं धरून. मोटर चालवणारा ड्रायव्हर बोर्ड एल२९८एन असेल तर तो स्वतःच २ व्होल्टच्या आसपास खातो तेही धरा.

रोबो पडद्यावर धडकतो म्हणून अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाज सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) बदलू नका हो, कापड आवाज शोषतं, प्रतिध्वनी परत येतच नाही नीट.

पार्ट्ससाठी ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) चालत. रविवारी जाऊ नका फक्त, बरीच दुकानं बंद असतात.