पुणे-नाशिक रेल्वे सरळ मार्गानेच हवी

भीमाकाठ

परवा इथे एका सभासदाने लिहिलं: "पुणे-नाशिक रेल्वेचं खूळ आता सोडा. 235 किलोमीटरसाठी 16,039 कोटी ही शुद्ध उधळपट्टी आहे. तेवढ्या पैशात एसटीच्या हव्या तेवढ्या विजेवरच्या गाड्या येतील. आणि त्या रेल्वेत बसणार कोण?" खाली "अगदी मनातलं बोललात" म्हणणाऱ्यांची रांग लागली. तिथे दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

बसणार कोण, हे विचारणाऱ्याने सोमवारी सकाळी चाकणच्या तळेगाव चौकात येऊन उभं राहावं. कंपन्यांच्या स्टाफ बस, कंटेनर, कांद्याचे ट्रक, दुचाकीवर तिघं-तिघं आणि या सगळ्यात अडकलेली नाशिक एसटी. ड्रायव्हर इंजिन बंद करतो, कंडक्टर दारात उभा राहून पुढे काय झालंय ते बघतो. मागच्या सीटवर मंचर-नारायणगावची पोरं, पुण्याला परीक्षेला निघालेली. आणि इथे लोक विचारतात, बसणार कोण!

आता पैशाचं. नाशिक फाटा ते खेड हा 30 किलोमीटरचा उन्नत रस्ता केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केला. खर्च 7,827 कोटी, म्हणजे किलोमीटरला 260 कोटींच्या वर. रेल्वेचा अंदाज किलोमीटरला 68 कोटी. रस्त्याचा आकडा आला तेव्हा उधळपट्टी हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. रेल्वे म्हटली की मात्र सगळे वही-पेन घेऊन बसतात.

आणि सगळ्यात चीड कशाची, तर आता सरळ मार्गच रद्द. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर ही सगळी गावं सोडून गाडी अहिल्यानगर-शिर्डीवरून फिरवायची. कारण सांगतात खोडदची दुर्बीण, म्हणजे जुन्नर तालुक्यातली आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी. ज्या गावांनी मोजणी करू दिली, सिन्नरकडे ज्यांनी खरेदीखतंसुद्धा करून दिली, त्यांनी आता काय करायचं?

हिशेबनीस

ती पोस्ट माझीच. नाव घेऊन लिहायला हरकत नव्हती.

उन्नत रस्त्याशी केलेली तुलना मुळातच चुकीची आहे. त्या रस्त्यावरून चाकणचा माल जाणार, गाड्या जाणार, टोल वसूल होणार. रेल्वे प्रवाशाकडून काय घेते? रेल्वेमंत्री स्वतः सांगतात की प्रवासाला 100 रुपये खर्च येतो तेव्हा तिकिटातून 54 मिळतात. उरलेले 46 मालगाड्यांच्या कमाईतून भरले जातात. इथे तर प्रकल्पाचा 60 टक्के पैसा कर्जाचा होता, 20 टक्के राज्याचा आणि 20 टक्के रेल्वेचा. कर्जाचं व्याज तिकिटात घातलं तर मंचरचा विद्यार्थी बसणार नाही, नाही घातलं तर महाराष्ट्राची तिजोरी भरत बसणार. यातलं कुठलं हवं ते सांगा.

दुसरं. ताशी 200 किलोमीटर आणि मध्ये वीसेक स्थानकं, हे एकत्र बसत नाही. प्रत्येक तालुक्याला थांबायचं तर 200 चा वेग गाठणार कधी? पावणेदोन तासांचं स्वप्न दाखवून मत मागणं सोपं आहे.

नाशिकरोडकर

हिशेबनीस, तुम्ही कधी आजारी माणसाला घेऊन या रस्त्याने गेलाय का?

माझ्या आईला मधुमेह आहे. तिची तपासणी पुण्याला असते. निघायच्या आदल्या संध्याकाळपासून ती पाणी कमी करते, कारण बसमध्ये सोय नाही आणि ड्रायव्हरला थांबवायला लाज वाटते. मधला थांबा असतो एका ढाब्यावर. तिथल्या बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती, मी दार धरून बाहेर उभी होते. रेल्वेच्या डब्यात निदान स्वच्छतागृह असतं. हा मुद्दा तुमच्या 54 रुपयांत कुठे बसतो ते मला सांगा.

भुसावळ-पुणे गाडी होती तेव्हा ती कल्याण-पनवेलवरून फिरून यायची. वेळ जायचा, पण आम्ही त्याच गाडीने जायचो. माणूस पाय मोकळे करू शकतो, झोपू शकतो.

हिशेबनीस

ताई, त्रास खरा आहे, नाकारत नाही. पण ढाब्यावर कडी बसवायला 16,039 कोटी लागत नाहीत. एसटीचे थांबे सुधारा ही मागणी मी दहा वेळा सही करून देईन.

आणि एक विसरताय. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, 75 च्या वरच्यांना प्रवास फुकट आहे. रेल्वेने मार्च 2020 मध्ये ज्येष्ठांची सवलत काढली ती परत आलेली नाही. तुमच्या आईला स्वस्त काय पडणार? एसटीच.

नाशिकरोडकर

स्वस्त पडेल. पण स्वस्त आहे म्हणून ती तहानलेली बसते, हे मी वर लिहिलंय. परत वाचा.

आष्टीकर

तुम्ही 200 च्या वेगावर भांडताय. आमच्याकडे साधी पॅसेंजर यायला किती वर्षं गेली ते ऐका.

नगर-बीड-परळी मार्ग, 261 किलोमीटर. 1995 ला मंजूर, तेव्हाचा खर्च 353 कोटी. आष्टीपर्यंत गाडी आली 23 सप्टेंबर 2022 ला. बीडला आली 17 सप्टेंबर 2025 ला. आणि खर्च गेला 4,800 कोटींच्या वर. निम्मा वाटा राज्याने उचलायचा ठरला तेव्हा कुठे कामाला हात लागला. माझ्या वडिलांनी पहिली मोजणी पाहिली होती, रूळ पाहायला ते राहिले नाहीत.

म्हणून भीमाकाठ यांना सांगणं आहे, सरळ मार्ग की फिरून, यावर दहा वर्षं वाद घालाल तर 16,039 चे किती होतील याचा हिशेब करून ठेवा. आणि हिशेबनीस, तुमच्यासारखे लोक तेव्हाही होते. "बीडला रेल्वेत बसणार कोण" हेच विचारायचे.

हिशेबनीस

मग बसलं कोण? आष्टीची डेमू, म्हणजे डिझेलवरची छोटी गाडी, सुरू झाली तेव्हा डबे रिकामे धावत होते, हे तुम्हीही जाणता.

आष्टीकर

रिकामे धावणारच. गाडी आष्टीहून नगरला, तिथून पुढे पुण्याचं काही नाही. शेतात अर्धी पाइपलाइन टाकून पाणी का येत नाही विचारण्यातला प्रकार. लाइन परळीला जोडू द्या, मग मोजा.

खगोलप्रेमी

मूळ धाग्यात "कारण सांगतात खोडदची दुर्बीण" असं लिहिलंय, जणू बहाणाच आहे. त्यावर लिहिणं भाग आहे.

खोडदची ही दुर्बीण, जीएमआरटी, म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. त्यातल्या 14 मध्यभागी, बाकीच्या तीन बाहूंवर 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली कारण इथे रेडिओ गोंगाट कमी होता. 2023 मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे जे पुरावे जगभरातून एकाच वेळी जाहीर झाले, त्यात भारतीय गटाची निरीक्षणं याच दुर्बिणीची. आकाशातून येणारा तो संकेत इतका क्षीण असतो की इंजिनाच्या टपावरून वीज घेणारा पेंटोग्राफ आणि वरच्या तारेमध्ये उडणारी एक ठिणगीसुद्धा त्याला बुडवते. 25 हजार व्होल्टची लाइन शेजारून नेली तर ती ठिणगी दिवसभर उडत राहणार.

रेल्वे दुसरीकडून नेता येते. दुर्बीण हलवता येत नाही.

जुन्नरचा शेतकरी

दुर्बीण हलत नाही, मान्य. तालुका हलतो का?

आमच्याकडे मोठी एमआयडीसी नाही, कारखाना काढायचा तर दुर्बिणीची परवानगी आधी. पोरं शिकतात आणि चाकणला जातात, भाड्याच्या खोलीत चौघं राहतात. रेल्वे आली असती तर सकाळी जाऊन रात्री घरी आली असती. तेही आता दुर्बिणीसाठी गेलं. तीस वर्षं आम्ही विज्ञानासाठी शांत बसलो, अजून किती बसायचं?

खगोलप्रेमी

"दुर्बिणीसाठी गेलं" ही भावना समजते, पण जगात जिथे जिथे रेडिओ दुर्बिणी आहेत तिथे असे निर्बंध आहेतच. विज्ञानाची किंमत समाजाने मोजायची असते.

जुन्नरचा शेतकरी

समाजाने म्हणजे कुणी? तुम्ही कोथरूडला राहता का डेक्कनला? मोजतोय जुन्नर तालुका.

माझ्या गटात मोजणीच्या खुणा लागल्या. डाळिंबाच्या नव्या लागवडीला कर्ज मागायला गेलो तर साहेब म्हणाले, गट रेल्वेत जातोय, बघू. थांबलो. आता मार्ग रद्द झाल्याचं पेपरात वाचलं. रेल्वेही नाही, लागवडही नाही, आणि मधला हंगाम कुणी भरून देणार नाही. आणि तुम्ही मला विज्ञानाची किंमत शिकवताय.

खगोलप्रेमी

मी कुठे राहतो याचा काय संबंध? मुद्द्याला उत्तर नसलं की पत्ता विचारायचा!

संगमनेरी

संबंध आहे. ज्याच्या दारातून गाडी जायची होती आणि गेली नाही, त्याला ठिणगीचं शास्त्र सांगून पोट भरत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. दुर्बिणीजवळचा टप्पा बोगद्यातून का नाही नेत? या मार्गावर डोंगरातून बोगदे होतेच. डोक्यावर खडक असल्यावर रेडिओ लहरी बाहेर येतील कशा? नाहीतर तेवढ्यापुरतं डिझेल इंजिन लावा.

खगोलप्रेमी

डिझेल लावलं तरी गाडीत पाचशे मोबाइल असतील, सिग्नल यंत्रणा असेल, वायफाय असेल. बोगद्याचा विचार मी फेटाळत नाही. तांत्रिकदृष्ट्या लहरी अडतील. पण तो बोगदा किती लांब लागेल आणि त्याचा खर्च किती, हे कुणी मांडलंय का?

भीमाकाठ

हेच तर मी म्हणतोय! कुणी मांडलेलं नाही. संसदेत मंत्र्यांनी सांगितलं की दुर्बिणीला अडथळा होतो म्हणून मार्ग बदलला. ठीक. पण दुर्बिणीपासून थोडा पश्चिमेला सरकवलेला मार्ग किती कोटींचा, बोगद्याचा मार्ग किती कोटींचा आणि नगरवरून फिरवलेला किती कोटींचा, हे तिन्ही आकडे शेजारी ठेवा की. एक मार्ग रद्द करताना त्याचा पर्याय तपासला होता का, एवढंच लोक विचारतायत.

नगरी

नगर-शिर्डी मार्गाला तुम्ही सगळे "फिरवलेला" म्हणताय ते मला टोचतं. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला धावली ती नगर-पुणेच. 2022 ला विजेवरची पहिली शिवाईही पुणे-नगरच. एवढी वर्दळ असूनही आम्हाला पुण्याला रेल्वेने जायचं तर दौंडला वळसा. मनमाड-दौंड लाइनचं दुहेरीकरण होतच आलंय, तिचा उपयोग करून शिर्डी जोडली तर पैसा वाचतो. इतकी वर्षं वळसा आम्ही घेतला, तेव्हा संगमनेरहून कुणी हळहळलं नाही.

संगमनेरी

नगरला पुण्याशी थेट जोडा, कोण नको म्हणतंय? पण त्याला पुणे-नाशिक रेल्वे म्हणू नका. नाशिकचा माणूस आधी शिर्डी, मग नगर, मग पुणे असा जाणार असेल तर तो बसनेच जाईल. मग हिशेबनीस पुन्हा येणार आणि विचारणार, बसलं कोण.

हिशेबनीस

विचारणारच. कारण फिरवलेल्या मार्गावर नाशिक-पुण्याचे प्रवासी मिळणार नाहीत, हे माझंही मत आहे. इथे तुमच्याशी भांडण नाही. नगरला लाइन हवी तर ती नगरच्या प्रवाशांच्या जोरावर मागावी, नाशिकच्या नावावर नको.

संपादक मंडळ

कोण कुठे राहतो यावर प्रतिसाद नकोत. असे पुढचे प्रतिसाद काढले जातील.

जुन्नरचा शेतकरी

काढा. पण गट रेल्वेत होता की नाही, आता सुटला की नाही, हे कुणी लेखी देत नाही. माहीत असलेल्याने मार्ग सांगावा.

आष्टीकर

आमच्याकडे भूसंपादन अधिकाऱ्याकडे अर्ज टाकून लोक लेखी उत्तर मागायचे. तोंडी उत्तरावर जाऊ नका. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि सातबारा पुन्हा काढून इतर हक्काचा रकाना बघा, तिथे काही नोंद चढली असेल तर ती कमी करायला वेगळा अर्ज लागतो.

हिशेबनीस

सरळ मार्गाला माझा विरोध आहे तो 200 च्या वेगाला. बीडची लाइन किलोमीटरला साधारण 18 कोटीत झाली, एकेरी आणि साध्या वेगाची. इथे डोंगर आहे, जमीन महाग आहे, तरी 68 चा आकडा मुख्यतः दुहेरी आणि वेगवान मार्गाच्या हट्टाचा. ताशी 130 ची साधी ब्रॉडगेज, आधी एकेरी, जागा मात्र दोन रुळांची घेऊन ठेवायची, आणि मालगाडीलाही मोकळी. चाकणच्या गाड्या आणि नारायणगावचा टोमॅटो त्यावरून गेला तर 46 रुपयांचं भगदाड काहीतरी बुजेल. असा प्रस्ताव आला तर मी विरोध करणार नाही. पाठिंबा देईन असंही म्हणत नाही.

नाशिकरोडकर

130 च्या वेगाने अडीच तास लागले तरी आम्हाला चालतील. पावणेदोन तास आम्ही मागितलेच नव्हते, ते वरून आले.

भीमाकाठ

हिशेबनीस, एकेरीवर माझा आक्षेप राहील. कोकण रेल्वे 1998 ला एकेरीच पूर्ण झाली आणि आजही गणपतीत क्रॉसिंगला गाड्या ताटकळतात. आधी एकेरी म्हणजे कायमची एकेरी. निदान पुणे-चाकण-राजगुरुनगर टप्पा पहिल्या दिवसापासून दुहेरी हवा, रोजची गर्दी तिथेच आहे. बाकी वेगाचा आणि मालगाडीचा मुद्दा घेतो.

तिन्ही मार्गांचा खर्च जाहीर करा असं निवेदन लिहायला घेतोय. राजगुरुनगर ते सिन्नर प्रत्येक ग्रामसभेत ठराव म्हणून वाचता येईल अशा भाषेत. खगोलप्रेमी, बोगद्याचा परिच्छेद तुम्ही तपासून द्याल का?

खगोलप्रेमी

देतो. पण "दुर्बीण हटवा" असा एक शब्द जरी त्यात आला तर माझं नाव काढायचं.