शाळिग्रामाला जीवाश्म म्हणावं का?

प्रश्न : कोशांत 'शाळिग्राम' म्हणजे गंडकी नदीत सापडणारा, विष्णुरूप मानलेला काळा गोटा एवढाच अर्थ मिळतो. त्याला 'जीवाश्म' म्हणता येईल का? आणि भूगोलाच्या लेखांत कुठे 'थर', कुठे 'स्तर' असं का येतं?

उत्तर : चक्र असलेल्या शाळिग्रामाला बेलाशक जीवाश्म म्हणा. भोकातून आत डोकावलं की जे चक्र दिसतं, तो अ‍ॅमोनाइट या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा. माकुळाचाच हा दूरचा नातेवाईक. वेटोळ्यावर ओळीने उमटलेले कंगोरे शंखाचे आहेत, कोणी कोरलेले नाहीत. मेलेला शंख समुद्रतळाच्या काळ्या चिखलात रुतला आणि त्याच्याभोवती खनिजं साचून टणक गोळा तयार झाला. चिखलाचा पुढे शेल खडक झाला. भारताचा भूखंड आशियाला भिडला तेव्हा हा समुद्रतळच वर उचलला गेला. आता मऊ शेल झिजतो, गोळा तेवढा टिकतो आणि काली गंडकीत घरंगळत येतो. नेपाळमधल्या मुक्तिनाथच्या परिसरात, साडेतीन हजार मीटरांहून उंच जागी, समुद्रातला प्राणी सापडतो तो असा! त्याचं वय ढोबळमानाने १५ कोटी वर्षं. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. म्हणजे देवघरातला शाळिग्राम घराखालच्या कातळाहून दुपटीने जुना.

प्रश्न : पण त्यात 'जीव' कुठे उरला? नुसता ठसाच ना?

उत्तर : ठसा, पाऊलखूण, बुजलेलं बीळ, सगळे जीवाश्मच. हाडाचाच दगड झाला पाहिजे असं काही नाही.

आता थर आणि स्तर. थर धुळीचा असतो, सायीचा असतो, खडकाचाही असतो. शास्त्रीय लिखाणात खडकाच्या थराला 'स्तर' म्हणतात, त्यावरून 'स्तरविज्ञान'. खालचा थर आधीचा, हा नियम निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने १६६९ मध्ये मांडला. हिमालयात मात्र घड्या पडून थर जागोजागी उलटेपालटे झालेत. तिथे अ‍ॅमोनाइट कामी येतात. त्यांच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या आणि दूरवर पसरल्या, त्यामुळे जात ओळखली की थराचा काळ कळतो. अशांना 'सूचक जीवाश्म' म्हणतात. कच्छच्या जुरासिक खडकांतही अ‍ॅमोनाइट विपुल आहेत, पण त्यांना शाळिग्राम म्हणू नये. तो शब्द गंडकीच्या गोट्यासाठीच राखावा.