साइटवर सेफ्टीचे नियम की कॉमन सेन्स? रोजची वादावादी चालू आहे

साइटवाला_पुणे
नमस्कार मंडळी, पार्किंग प्लस ७ ची साइट आहे, मी ठेकेदाराकडून सुपरवायझर. क्लायंटने बाहेरून सेफ्टीवाला नेमलाय आणि तेव्हापासून रोज वाद. घोडीवर (उभं राहून काम करायच्या स्टँडवर) चढला की सेफ्टी बेल्ट, मग घोडी चार फुटांची का असेना. काल आतल्या खोलीत सीलिंगचं प्लास्टर चालू होतं, वर हुक अडकवायला काहीच नाही, म्हणून मिस्त्रीने हुक घोडीलाच अडकवला आणि सेफ्टीवाल्याने फोटो काढून चेकलिस्टवर टिक केलं. त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या डक्टवरचा (लिफ्टसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीवरचा) प्लाय शटरिंगचा म्हणजे स्लॅबच्या साच्याचा माल वर घ्यायला काढलेला, तो दुपारपर्यंत तसाच बाजूला पडून, खिळे वर आलेले, आणि डक्ट उघडा. तिकडे कोणाचंच लक्ष नाही कारण हेल्मेट सगळ्यांच्या डोक्यावर होतं. जुने मिस्त्री म्हणतात साहेब आम्ही काय पडायला वर चढतो का, इतकी वर्षं करतोय. मला दोन्ही बाजू अर्धवट पटतात. तुम्ही साइटवर कुठले नियम अजिबात सोडत नाही आणि कुठे मिस्त्रीच्या डोक्यावर सोडता?

सेफ्टी_नाशिक
मी स्वतः सेफ्टीत आहे आणि घोडीला हुक लावलेला चालवून घेणं हे माझ्या मते कामच नाही. घोडी कलंडली की माणूस आणि घोडी एकत्र खाली. बेल्टचं गणित लोक समजून घेत नाहीत. दोरी साधारण १.८ मीटर, शॉक अ‍ॅब्झॉर्बर (झटका शोषणारी घडीची पट्टी) उघडला की अजून दीड-पावणेदोन मीटर, त्यात माणसाची उंची धरा. पायापाशी हुक लावला तर खाली ६ मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते. १० फुटांच्या स्लॅबवरून पडला तर बेल्ट ताणायच्या आधी माणूस जमिनीवर. म्हणून पहिल्या स्लॅबला मी आधी कडेचं रेलिंग, मधला पाइप आणि खाली टो बोर्ड (पायाशी कडेची उभी फळी) मागतो, बेल्ट नंतर. डक्टचा प्लाय मात्र खिळे ठोकून पक्का आणि ज्याने काढला त्यानेच परत बसवायचा, तो बसेपर्यंत तिथून हलायचं नाही, यात कोणाचंही काही ऐकत नाही.

सेंट्रिंग_ठेकेदार
मिस्त्रीचं डोकं चालतं हो, पण ते त्याच्या स्वतःपुरतं. त्याच्या हाताखाली बिहार-झारखंडवरून आलेला पोरगा असतो ज्याने आधी कधी चौथा मजला बघितलेला नसतो, त्याला कुठला कॉमन सेन्स येणार? तो मिस्त्रीकडे बघून शिकतो, मिस्त्री हुक न लावता बीमच्या तळाच्या फळीवर चालला की तोही चालतो. आणि दुसरं कोणी बोलत नाही ते मी बोलतो, आमची गँग स्क्वेअर फुटाच्या दरावर काम करते. हुक काढ, पुढे सरक, परत लाव, यात जाणारा वेळ मजुराच्या खिशातून जातो. दिवसाची हजेरी असेल तर हाच माणूस निवांत हुक लावतो, मी दोन्ही पद्धतीने काम घेतलंय, फरक डोळ्यांनी दिसतो. शिवाय कायद्याने सेफ्टी ऑफिसर लागतो तो बांधकामावर २५० किंवा जास्त कामगार असतील तर (नोव्हेंबर २०२५ च्या आधी ५००), आपल्या बहुतेक साइटवर ४०-५० माणसं, म्हणजे जे काय आहे ते मुकादमाच्या हातात.

माती_आणि_पाया
सगळे उंचीबद्दल बोलताय म्हणून खालचं सांगतो. फूटिंगचा खड्डा दीड मीटरच्या खाली गेला की बाजूला टेकू द्या नाहीतर उतार काढा, हे मानकात आहे आणि हाच नियम सर्वात जास्त मोडला जातो. उन्हाळ्यात मुरूम छान उभा राहतो, लोकांना वाटतं काय होतंय, पहिला पाऊस पडला की तोच ढासळतो, आणि जेसीबीने काढलेली माती काठावरच रचलेली असते, तिचं वजन वेगळंच. जून २०१९ मध्ये कोंढव्यात सोसायटीची कंपाउंड वॉल बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली, १५ जण गेले. तिथे हेल्मेट आणि बेल्टने काय झालं असतं? मजुरांच्या खोल्या भिंतीच्या आणि खड्ड्याच्या कडेला बांधायच्या नाहीत एवढंच बघायला हवं. तुमच्या साइटवर लेबर कॅम्प कुठे आहे ते उद्याच जाऊन बघा प्लीज.

दुबईकर
इकडे दुबईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उघड्यावर काम बंद, सरकारी नियम. भर उन्हात माणूस कोसळतो हे काय कोणाला सांगायला लागत नाही, पण स्लॅबची तारीख जवळ आली की सगळ्यांचं शहाणपण बाजूला राहतं, तेव्हा नियमच कामाला येतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात असं काही सक्तीचं हवंच.

साइटवाला_पुणे
कॅम्प बघितला, मागच्या भिंतीपासून लांब आहे पण पाण्याच्या टाकीच्या खड्ड्याला चिकटून दोन खोल्या आहेत, त्या हलवायला सांगितल्यात. सेफ्टीवाल्याशी बोललो, घोडीवरचा बेल्ट बंद, त्याऐवजी पूर्ण फळी आणि घोडीचे पाय एकमेकांना बांधायचे असं ठरलं. डक्टवर नाशिकवाल्यांची पद्धत. स्क्वेअर फुटाच्या दराचं मात्र अडतंय, आमचा ठेकेदार म्हणतो रेलिंगचे पाइप आणि ते लावायची मजुरी माझ्या रेटमध्ये नाही.

सेंट्रिंग_ठेकेदार
नसतेच ती. पुढच्या कामाला टेंडरमध्येच रेलिंग आणि डक्ट कव्हर रनिंग मीटर आणि नगावर वेगळी आयटम टाकायला लावा. आत्ताच्या कामाला एक्स्ट्रा आयटमचं (ठरलेल्या रेटबाहेरच्या कामाचं) पत्र द्या, क्लायंटचा सेफ्टीवाला आहेच, त्याची सही घ्या त्यावर, म्हणजे बिल अडणार नाही.