[मंडळ-गप्पा] पुण्यातल्या भाच्यासाठी प्रोसेसर: आत्ता घ्यावा की नव्या पिढीसाठी थांबावं?

प्रेषक: सई

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात पुण्याला चाललेय. बहिणीच्या मुलाला, ओंकारला, कॉम्प्युटर जुळवायचाय. बारावीनंतर ॲनिमेशनला जायचं डोक्यात आहे, म्हणून ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर हवं. गेम्सही हवेत, पण ते तो आईसमोर बोलत नाही. मी म्हटलं, प्रोसेसर इथून, अमेरिकेतूनच आणते, पर्समध्ये मावेल. तर म्हणतो, "मावशी, थांब. वर्षाच्या शेवटी इंटेलचं नोव्हा लेक येतंय, मागोमाग एएमडीचं झेन ६. ते आलं की घेऊ आणि ओव्हरक्लॉक करू."

मला यातलं ओ की ठो कळत नाही. थांबण्यात अर्थ आहे का? आणि इथून नेण्यात?

सई

---

प्रेषक: मंदार

सई, पोरगं बरोबर बोलतंय! नोव्हा लेक २०२६ च्या अखेरीस, असं इंटेलनेच सांगितलंय. ५२ कोअरपर्यंतच्या (कोअर म्हणजे चिपेतला एकेक मेंदू) अफवा आहेत, त्या अफवाच समज. पण २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या त्यांच्याच ॲरो लेकने गेम्समध्ये निराशा केली, तेव्हा या खेपेला इंटेल जीव तोडून उतरणार. तिकडे झेन ६ चं सर्व्हरचं रूप, 'व्हेनिस', तैवानच्या टीएसएमसीच्या २ नॅनोमीटरवर, म्हणजे नव्या, जास्त बारीक प्रक्रियेवर, बनतंय. डेस्कटॉपलाही त्याचा फायदा होईलच की.

आणि ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे चिप ठरल्या वेगापेक्षा जोरात पळवायची, हौस पोरवयातच करायची असते. माझा इंटेलचा २५००के ३.३ गिगाहर्ट्झचा होता, कित्येक वर्षं ४.५ वर पळाला. थांबू दे त्याला.

मंदार

---

प्रेषक: संचालक, मेलिंग लिस्ट

गप्पांना हरकत नाही, पण वरच्या दोन्ही मेल पाडव्याच्या जेवणाच्या नोंदणीच्या धाग्यावर आल्या होत्या. वेगळा धागा करून दिला आहे. निम्म्या घरांनी अजून पानं कळवलेली नाहीत. कॅटररला श्रीखंड किलोत सांगावं लागतं, गिगाहर्ट्झमध्ये नाही.

---

प्रेषक: नाना (आता मुक्काम कोथरूड)

सई, मंदार,

परत आलो तरी लिस्टवरून नाव काढलेलं नाही, त्याचा आज उपयोग झाला.

सई, थांबू नकोस. मंदार चिपबद्दल म्हणतो ते सगळं बरोबर आहे. पण चिप जाहीर होते त्या दिवशी आणि ती ओंकारच्या टेबलावर येते त्या दिवशी, यांच्यात मोठी दरी असते. तिचा विचार त्याने केलेला नाही.

मागचंच आठवा. २०२० च्या नोव्हेंबरात एएमडीचे रायझन ५००० आले आणि गायब झाले. त्याआधी २०१८ मध्ये इंटेलला स्वतःच्या १४ नॅनोमीटरच्या चिपा पुरवता येईनात, कारण १० नॅनोमीटरची गाडी रखडली होती आणि सगळा भार जुन्याच कारखान्यांवर. त्यानंतर २०१९ मध्ये 'एफ' शेपटीचे प्रोसेसर निघाले, आतलं ग्राफिक्स बंद करून विकलेले. २०२४ च्या ७ नोव्हेंबरला एएमडीचा ९८००एक्सथ्रीडी ४७९ डॉलरला आला आणि तुमच्या अमेरिकेतही आठवडेच्या आठवडे मिळत नव्हता. अमेरिकेत ही गत, तर इथे काय झालं असेल! पुण्यात नवी चिप येते ती आधी मोजक्या नगांत, छापील किमतीच्या वर, आणि दुकानदार वर म्हणतो, "साहेब, मदरबोर्डाबरोबर घेणार असाल तरच देतो."

यंदा त्यात भर आहे. २ नॅनोमीटरच्या रांगेत मोबाइलवाले आणि सर्व्हरवाले पुढे उभे. एएमडीने स्वतः २ नॅनोमीटरसाठी आधी सर्व्हरचंच नाव घेतलं, यावरून काय ते समजा. ज्या सिलिकॉनच्या चकतीतून चिपा कापतात त्या एका वेफरमधून सर्व्हरची चिप काढली तर नफा कितीतरी जास्त, मग आपल्या ओंकारसाठी कोण थांबतंय? इंटेलनेही २०२५ च्या ऑक्टोबरात सांगून टाकलं की 'इंटेल ७' या जुन्या प्रक्रियेवरही क्षमता पुरत नाही आणि सर्व्हरला प्राधान्य आहे. १२ व्या ते १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर याच प्रक्रियेवरचे. म्हणजे नवं आलं की जुनं स्वस्त होईल, हा आपला नेहमीचा हिशेबही यंदा चालेलच असं नाही.

आणि खरी फोडणी बसलीय ती रॅमला. एआयच्या डेटासेंटरांसाठी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन तिघेही तिकडे वळले. मायक्रॉनने तर २०२५ च्या डिसेंबरात 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. प्रोसेसरसाठी सहा महिने थांबून चार पैसे वाचवायचे आणि त्याच सहा महिन्यांत रॅमवर दुप्पट घालवायचे, असा व्यवहार होईल. त्यात डीडीआर५ ही नवी रॅम परवडत नाही म्हणून लोक पुन्हा आधीच्या पिढीच्या डीडीआर४ चे जुने बोर्ड शोधतायत, त्यामुळे तेही महागणार.

माझं ऐकशील तर एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची खाच, एएम५ हे एएमडीचं) बी६५० किंवा बी८५० बोर्ड घे. त्यावर आत्ता सहा कोअरचा ९६००एक्स बसव, किंवा त्याहून स्वस्तातला ७६००. ७६०० बरोबर खोक्यात पंखाही येतो. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात आणि रॅममध्ये घाल. एएम५ ला २०२७ आणि पुढेही पाठिंबा देऊ, असं एएमडीने जाहीर केलंय. झेन ६ आला, भाव बसले, मग पोराला स्वतःच्या कमाईतून बदलता येईल. नोव्हा लेकला नवं सॉकेट म्हणजे नवा बोर्ड, आणि पहिल्या खेपेचे बोर्ड स्वस्त कधीच नसतात.

रॅमच्या दोनच काड्या घे, १६-१६ जीबीच्या. चार लावल्या की रायझनमध्ये रॅमचा अधिकृत वेग ३६०० वर येतो. ५६०० ला घेतलेली रॅम ३६०० वर चालवायची म्हणजे काय करायचं ते तुम्हीच सांगा.

अमेरिकेतून आणण्याबद्दल: नको. १८ टक्के जीएसटी वाचेल असं वाटतं, पण चिप बिघडली तर ती परत तुझ्याकडे पाठवून तिकडच्या दुकानाशी भांडत बसायचं. त्यापेक्षा पुण्यातच पक्क्या बिलावर, सीलबंद खोक्यातली घे. 'ट्रे'मधली सुटी चिप हजार रुपयांनी स्वस्त म्हणून कुणी हातात ठेवली तर नाही म्हण. सुट्या चिपेची वॉरंटी इंटेल ग्राहकाला थेट देत नाही. तपकीर गल्लीत वायरी, पंखे, थर्मल पेस्ट जरूर घ्या, बुधवार पेठेत गेल्यासारखं होईल. पण प्रोसेसर मात्र बिल फाडणाऱ्याकडूनच.

नाना

---

प्रेषक: मंदार

नाना, पुरवठ्याचं मान्य. पण ओव्हरक्लॉकिंगवर तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत!

---

प्रेषक: नाना

मुद्दामच लिहिली नव्हती. आता विचारतोयस तर घे.

१९९८ चं इंटेलचं सेलेरॉन ३००ए आठवतंय? साडेचारचा गुणक, ६६ मेगाहर्ट्झची बस (बोर्डाकडून येणारा मूळ ठेका); दोन्हींचा गुणाकार तो चिपेचा वेग. बस १०० वर नेली की तीच चिप ४५० वर चालायची. दीडपट वेग, एकही पैसा जास्त न देता. पुढे एएमडीच्या ॲथलॉन थंडरबर्डचा गुणक उघडायला लोक चिपेवरचे पूल शिसपेन्सिलीने जोडत. तेव्हा कंपनी चिपेत पुष्कळ वाव ठेवून देई, कारण वरच्या मालाचं गिऱ्हाईक कमी आणि कारखान्यातून बरेच नग चांगलेच निघत.

आता तो वाव कंपनी स्वतःच विकते. इंटेलचा १४९००केएस दुकानातूनच ६.२ गिगाहर्ट्झचा आला. ९८००एक्सथ्रीडी ५.२ पर्यंत आपणहून चढतो आणि पीबीओ या एएमडीच्या वेग वाढवायच्या सेटिंगमध्ये वर मिळतात फार तर २०० मेगाहर्ट्झ. चार टक्केही नाहीत. गेममध्ये फरक डोळ्याला दिसणार नाही, पंख्याचा आवाज मात्र कानाला नक्की ऐकू येईल.

एक्सथ्रीडीची गंमत मात्र सांगायला हवी, कारण ती खरी इंजिनिअरिंगची आहे. आधीच्या ५८००एक्सथ्रीडीत जादाची कॅश (चिपेतलीच झटपट स्मृती) कोअरच्या डोक्यावर बसवली होती. उष्णता अडायची, व्होल्टेजला मर्यादा, म्हणून गुणक कुलूपबंद. ९८००एक्सथ्रीडीत तीच ६४ मेगाबाइटची कॅश कोअरच्या खाली गेली. कोअर वर आले, कूलरला भिडले आणि कुलूप उघडलं. पुढच्या पिढीत ओव्हरक्लॉकिंग कसं असेल, हे मला कोअरच्या संख्येवरून नाही, अशा रचनेवरून ओळखावंसं वाटतं. एका पाकिटात अनेक तुकडे जोडले की उष्णता कुठे साठते, तेवढं बघायचं.

आणि जास्त व्होल्टेज काय करतं, ते इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीने दाखवलंच. वाढीव व्होल्टेजने चिपा कायमच्या खराब होत होत्या. २०२४ मध्ये मायक्रोकोड, म्हणजे चिपेतली आज्ञावली, बदलून द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. त्या लोकांनी ओव्हरक्लॉक केलंच होतं असंही नाही.

ओंकारला हौस असेल तर उलट खेळ खेळू दे. कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे चिपेचं व्होल्टेज कमी-जास्त करायचं सेटिंग, उघडायचा, उणे १० पासून सुरुवात करायची, प्रत्येक पायरीला रात्रभर ब्लेंडरचा रेंडर लावायचा, सकाळी मशीन जागं असेल तर पुढची पायरी. व्होल्टेज उतरतं, चिप गार राहते, आणि गार राहिली म्हणून आपणहून वरच्या वेगावर जास्त वेळ टिकते. एप्रिल-मे महिन्यात वरच्या मजल्यावरची खोली दुपारी ३८ अंशांवर जाते. परदेशी परीक्षणं २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. त्यांच्या आलेखात १३-१८ अंश आपल्या मनाने मिळवायचे, मग कुठे पुण्याचं तापमान निघतं.

वॉरंटीचंही त्याला सांगा. एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंग वॉरंटीबाहेर, आणि रॅमचं एक्सपो प्रोफाइल, म्हणजे तिच्या वाढीव वेगाचं तयार सेटिंग, चालू करणंही त्यातच मोडतं, जरी सगळेच ते करत असले तरी. इंटेलने २०२५ च्या एप्रिलमध्ये '२००एस बूस्ट' हे वेग वाढवायचं तयार सेटिंग दिलं, त्यात वॉरंटी शाबूत राहते. हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

---

प्रेषक: मंदार

उणे दिशेचं ओव्हरक्लॉकिंग! पुण्याला जाऊन माणूस काटकसरी होतोच. पण पटलं.

---

प्रेषक: सई

नानाकाका, खूप आभार. तुमची मेल ताईला वाचून दाखवली. तिला फक्त "थांबू नकोस" एवढंच ऐकू आलं. ओंकारला उणे १० चं सांगितलं तर म्हणाला, "उणे ३० का नाही?" ७६०० ठरतोय. बोर्ड बघायला शनिवारी जातील. दुकानात काय विचारायचं?

---

प्रेषक: नाना

उणे ३० वर विंडोज सुरू होतं आणि परीक्षेचा प्रोजेक्ट सेव्ह करताना पडतं, असं सांग त्याला.

बोर्डाचं सांगतो. 'ए६२०' घेऊ नका, त्यावर प्रोसेसरच्या सेटिंगशी खेळता येत नाही. 'बी' मालिकेत येतं. बी६५० घेतलात तर मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा (बायोस म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर). त्यातले काही बोर्ड २०२२-२३ च्या खेपेतले पडून असतात, नवी चिप ओळखत नाहीत. बटण असलं की पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर न लावताही, बायोस बदलता येतो. पुढे झेन ६ बसवायचा झाला तर हेच बटण कामाला येईल. व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, उष्णता शोषणारा धातूचा जाड हीटसिंक हवा. एसएसडीसाठी दोन एम.२ जागा असल्या तर उत्तम. आणि ओंकारला म्हणावं, दुकानात जाताना फोन करून जा. शनिवारी दुपारी एक ते चार शटर खाली असण्याची शक्यता आहेच.