मदत हवी आहे : एकाच प्रथिनाचं उलटं वागणं कसं समजून घ्यायचं?

जिवाणू पोषकद्रव्यांच्या पातळीनुसार रोग घडवणारी जनुकं कशी चालू-बंद करतात, ते शिकतोय. त्यातलं घटसर्पाच्या जिवाणूचं उदाहरण मला पटकन कळलं. लोह भरपूर असलं की डीटीएक्सआर हे प्रथिन विषाचं जनुक दाबून ठेवतं, लोह कमी पडलं की विष तयार होतं. अडतंय ते कोडवाय या प्रथिनापाशी. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूमध्ये आयसोल्युसिन (एक अमिनो आम्ल) आणि जीटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा एक रेणू) मुबलक असताना ते डीएनएला चिकटून विषारी घटकांची जनुकं बंद ठेवतं. पण लिस्टेरिया या दुसऱ्या जिवाणूत आयसोल्युसिन घटल्यावर हेच कोडवाय उलट पीआरएफए हे, रोग घडवणाऱ्या बाकीच्या जनुकांना चालू करणारं मुख्य जनुक चालू करतं! म्हणजे आयसोल्युसिन नसतानाही ते डीएनएला चिकटतं? की चिकटण्याची जागाच वेगळी असते? दोन दिवस यातच अडकलोय. कोणी नीट उलगडून सांगेल का? आकृती काढून दाखवलीत तर फारच उत्तम.